सोमवारचं पाणी

शिरूरच्या एका नकाशांच्या ऑफिसात मी गेली सव्वीस वर्षं रेघा मारते आहे. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं मारायचे, आता कॉम्प्युटरवर मारते. सासरची मंडळी पाहुण्यांना मी इंजिनिअर असल्याचं सांगतात. मी लगेच दुरुस्त करते, ड्राफ्ट्समन म्हणून. चुकीची गोष्ट कानावर पडली की ती तशीच सोडून देणं मला जमत नाही. माझा हा स्वभाव घरात कुणाला आवडत नाही आणि ऑफिसात मात्र सगळ्यांना लागतो.

बहुतेक कामं रांजणगावच्या शेडची नाहीतर शिरूरच्या बंगल्यांची. त्यामुळे साहेबांनी एक दिवस माझ्या माहेरच्या गावाचा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मला जरा हसू आलं. गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडे. तिथल्या शिवारातून नवी छोटी गाडी जाणार होती. तीन डब्यांची, विजेवरची, जागोजागी थांबत पुण्याकडे जाणारी. स्टेशनचं काम सुरू झालं होतं, आणि त्याच्या भोवतीच्या शेतांत वस्ती कशी वसवायची याचा आराखडा आमच्या ऑफिसकडे आला होता.

कल्पना कागदावर चांगली होती. सगळ्यांची शेतं एकत्र करायची, त्यातून रस्ते, शाळा, बाग काढायची आणि उरलेल्या जागेत ज्याला त्याला थोडा लहान पण रस्त्याला लागलेला तुकडा परत द्यायचा. कुठल्याही घरातून स्टेशनला दहा मिनिटांत चालत पोचता आलं पाहिजे. गाड्या बाहेर, माणसं आत. खाली दुकान, वर घर. छतावरचं पाणी जमिनीत मुरवायचं. साहेबांनी अहवालात दर पानावर 'शाश्वत' हा शब्द लिहिला होता. काही पानांवर दोनदा होता, तो मी एकेक करून काढला.

स्टेशनसमोर आमची विहीर येत होती. साहेबांनी ती बुजवून तिथे दुचाकींसाठी तळ दाखवला होता. मी म्हटलं, शाश्वत लिहायचं आणि जिवंत पाण्याची विहीर बुजवायची, हे वाचणाऱ्याला दिसेल. दोन दिवसांनी साहेबांनी विहीर ठेवली. एवढंच नाही, तर विहिरीच्या काठानं स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर भाजीविक्रीचे ओटे काढले आणि ठरवलं की हे ओटे विहिरीच्या हक्कदारांनाच कायमचे द्यायचे, म्हणजे बाहेरचे दुकानदार येऊन गावच्या माणसाला उठवणार नाहीत. पाण्याचा एकेक नळही त्यांनाच. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. तो कशावर उभा होता ते पुढे कळलं.

आमची विहीर सहा घरांची. माझे आजोबा आणि त्यांच्या चुलतभावांची मिळून सहा घरं, आणि प्रत्येक घराचा पाण्याचा एक वार. मंगळवार थोरल्या घराचा, गुरुवार आमचा, असं रविवारपर्यंत. सोमवार कुणाचाच नाही. मोट होती त्या काळी सोमवारी बैल जुंपायचे नाहीत अशी आमच्याकडची रीत, म्हणून वाटणी केली तेव्हा सोमवार सोडूनच केली. पुढे बैल गेले, मोट गेली, विहिरीवर मोटर बसली, पण वार तेच राहिले.

दुसरी रीत गाळाची. दर उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा. ज्याचं पाणी, त्यानं गाळ काढायला उतरायचं. घरात मयत झालेली असो की लग्न असो, घरचं एक माणूस विहिरीत उतरलंच पाहिजे. माझी आत्याही साडीचा काचा मारून उतरायची. आम्ही मुली काठावर बसून बघायचो, आणि ती खालून ओरडायची, "आगं सरका मागं, मातीसकट खाली याल!"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन दीड वर्षात माहेरी परत आली ती कायमची. का आली ते आमच्या घरात कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही. विहिरीच्या खालच्या अंगाला बांधालगत एक लांबट पट्टी आहे, कागदावर माझ्या वडिलांच्या शेताचा भाग असलेली. तिथे ती मेथी, कोथिंबीर, शेपू, चुका असं करत राहिली. जुड्या बांधून आधी टोपलीनं, मग टेम्पोतून केडगावच्या आणि दौंडच्या बाजाराला न्यायची. तिच्या भाजीला दर सोमवारी पाणी असायचं. ती मोटर चालू करून बांधावर बसलेली मी शेकडो सोमवारी पाहिली आहे. शाळेतून येताना तिथेच पाटात पाय धुवायचे आणि मग घरी जायचे.

आता माझी चूक सांगते. पाहणीला मी स्वतः गेले होते. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याची एसटी धरली, फाट्यावर उतरले, भाऊ मोटारसायकलवर घ्यायला आला. विहिरीवर सहाही घरची माणसं जमली होती. थोरल्या घरचे चुलते, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी एकेक वार सांगितला आणि मी रकान्यात लिहीत गेले. सहा वार झाले. सातवा रकाना रिकामा दिसला. मी कुणाला काही न विचारता तिथे लिहिलं, 'सोमवार – विहीर बंद'.

बाहेरगावचा सर्व्हेअर असता तर त्यानं विचारलं असतं, सोमवारी काय असतं? मला विचारायची गरज वाटली नाही, कारण मी त्याच घरातली. लहानपणापासून ऐकलेलं होतं, सोमवार कुणाचा नाही. आणि सोमवारी आत्याला पाणी देताना पाहिलेलंही होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची एकदाही गाठ पडली नाही.

आराखडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. हरकती घ्यायला महिना होता. मी लोकांना नकाशा समजावून सांगायला गेले होते. आपला तुकडा कुठे पडला, रस्ता किती रुंद, वर किती मजले, असं सगळे विचारत होते. गर्दी कमी झाल्यावर आत्या आली. चष्मा पुसून नकाशाच्या अगदी जवळ उभी राहिली. तिला वाचता येतं, पण सावकाश, बोट ठेवून. विहिरीपाशी बोट आलं. काठानं सहा ओटे होते, प्रत्येकावर वार लिहिलेला होता. तिनं ते दोनदा वाचले.

"माझा सोमवार कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "आत्या, सोमवारी विहीर बंद असते ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी पहिल्यांदा साडी नेसले होते आणि निऱ्या उलट्या घातल्या होत्या, तेव्हा पाहिलं होतं तसं. "बैलांना बंद," ती म्हणाली. "मोटर बशिवली तवा तुझ्या आज्यानं सगळ्यांम्होरं सांगितलं, सोमवार पोरीला. तवापसनं माझाच हाय की. तुला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं हे खोटं, आणि ठाऊक होतं हेही खोटं. मला लाज वाटली. सव्वीस वर्षांत नकाशात माझी चूक साहेबांनी दोनदा दाखवली आहे, दोन्ही वेळा मी भांडले होते. त्या दिवशी भांडायला काही नव्हतं.

तिच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. त्यामुळे नवीन वस्तीत तिला तुकडा मिळणार नव्हता. ती बांधालगतची पट्टी आता माझ्या भावाच्या नावावर, ती रस्त्यात जाणार होती. तिच्याकडे या गावात स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, आठवड्यातला एक दिवस, आणि तो मी पुसला होता. सातवा ओटा झाला नाही तर गाडी सुरू होईल तेव्हा माझी आत्या स्टेशनसमोर जमिनीवर पोतं टाकून बसेल आणि कुणीतरी शिट्टी फुंकून तिला उठवेल, हे मला नकाशावर स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी भावाकडे चहा घेताना विषय काढला. तो माझ्यापेक्षा लहान आहे, मनानं वाईट नाही. म्हणाला, "ताई, आत्याला आपण कवा परकं केलंय का? माझा ओटा हाय ना, बसंल की तिथं."

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "त्याच्या ओट्यावर बसले तर ऊठ म्हनायचा हक्क त्याचा," एवढंच म्हणाली.

"मी कशाला ऊठ म्हनंन?" भाऊ चिडला.

"तू न्हाई म्हननार. तुझ्या पोराची बायकू म्हनंल. तिचं तरी काय चुकलं?"

मग भावानं मला ऐकवलं, की सातवा हक्कदार धरला तर सहाही ओटे आखूड होतील, बाकीची घरं आमच्यावर खार खातील, आणि "तू तर सही करून मोकळी झालीस, आता कशाला मधी पडती?" हे खरं होतं. वडील गेल्यावर दौंडला जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली होती, आत्याही सोबत आली होती. कुणी जबरदस्ती केली नाही, बहिणींनी सही करायची असते म्हणून केली. सही झाल्यावर भावानं मिसळ खायला घातली. तो विषय तिथेच संपला होता, निदान माझ्या मते.

आप्पांकडे गेले. ते ओसरीवर बसून होते. आजोबांनी सोमवार दिला तेव्हा ते तिथे उभे होते, तेव्हाचे ऐन विशीतले. मी विचारलं, "आप्पा, तुम्ही सांगाल का सुनावणीत?"

आप्पा ताकास तूर लागू देईनात. "सोमवार म्हंजी बैलांचा गं. बैलं गेली, आता त्यो कुणाचाच न्हाई. समद्यांचा म्हन हवं तर."

"पण आत्या पाणी घेते ते?"

"घेती. आपन कवा आडवलंय का?"

सगळे असंच म्हणत होते. कुणी अडवलं नव्हतं, आणि आता कुणी लिहूनही देणार नव्हतं. सहा घरांत फिरून मी वाटाण्याच्या अक्षता घेऊन परत आले.

शिरूरला आल्यावर मी ऑफिसच्या कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. विहिरीच्या पाळ्यांची नोंद घेताना सोमवारबद्दल चौकशी न करता नोंद केली, ही सर्वेक्षणातील माझी चूक आहे, सोमवारी प्रत्यक्षात अमुक महिला पाणी घेते, नोंद तपासावी. खाली सही. साहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, आराखडा करणारे आपण आणि हरकत घेणारेही आपणच? पुढचं काम कोण देईल आपल्याला?" मी म्हटलं, हरकत नाही, दुरुस्ती आहे. ते म्हणाले, तुमच्या या दुरुस्त्यांनी एक दिवस ऑफिसला कुलूप लागेल. पण कागद त्यांनी फाडला नाही. त्यांनी तो पाठवला याबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते.

सुनावणी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. अधिकारी सकाळपासून ऐकून दमलेले. कुणाला कोपऱ्याचा तुकडा हवा होता, कुणाला देवळाजवळचा नको होता. आमचा नंबर जेवणानंतर लागला. सहा घरचे सहाजण पुढच्या बाकावर, आत्या मागे खिडकीपाशी, मी साहेबांच्या शेजारी.

अधिकाऱ्यांनी माझा कागद वाचला. "सर्व्हेअर स्वतःची चूक लिहून देते, हे मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "पण पुरावा काय? सात-बाऱ्यावर नाही, विहिरीच्या नोंदीत नाही. वापर आहे म्हणून हक्क होत नाही. शेजारी पण पाणी घेतो."

पुरावा नव्हता. मी तसं सांगितलं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "भावानं दिलं न्हाई, बापानं दिलंय," आणि खाली बसली. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. काय लिहीत होते ते मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. आयुष्यभर नकाशे उलटसुलट वाचल्याचा एक तोटा असा, की वाईट बातमी इतरांच्या आधी कळते.

लिहिता लिहिता ते सहज म्हणाले, "विहिरीची देखभाल यापुढे हक्कदारांनीच करायची आहे बरं का. नंतर आमच्याकडे यायचं नाही. आतापर्यंत कोण करत होतं?"

आप्पा उठून उभे राहिले. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. "आमीच की साहेब! दर उन्हाळ्यात गाळ काढतो. येक वरीस खाडा न्हाई. पंचक्रोशीत इचारा. सात मानसं उतरत्यात, दोन दिसात तळ निर्मळ!"

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "घरं किती म्हणालात?"

"सहा."

"मग माणसं सात कशी?"

आप्पा उभेच राहिले. मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान थोडी खिडकीकडे झाली. "घरटी येक," ते म्हणाले, "आन् ही."

"या का उतरतात?"

हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. पाणी नसलेलं माणूस गाळाला उतरत नाही, आमच्या गावात तशी अपेक्षाही कुणी करत नाही. आप्पांना खोटं बोलायचं असतं तर मदतीला येते, हौस आहे, काहीही सांगता आलं असतं. पण वर्षानुवर्षं ज्या गोष्टीचा अभिमान धरला तिच्याबद्दलच खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पानी घेती म्हनून," ते म्हणाले. "सोमवारी. माझ्या चुलत्यानं दिलाय सोमवार तिला. मी हुतो तिथं."

एवढं बोलून ते बसले. माझ्या भावानं माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला. बाकीच्या चार घरांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. अधिकाऱ्यांनी आधी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली. रेघ वाकडी होती, पण मी काही बोलले नाही.

तेवढ्याच लांबीत सात ओटे बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. प्रत्येक ओटा दोन वीत आखूड झाला. बांधकाम झाल्यावर आप्पांनी स्वतः पावलं टाकून सगळे मोजले आणि सोमवारचा मंगळवारपेक्षा तीळभर मोठा आहे अशी तक्रार केली. तो नव्हता. मी टेप लावून दाखवलं, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

स्टेशन आता उभं आहे. चाचणीची गाडी दिवसातून दोनदा रिकामी जाते. विहिरीभोवती कठडा झाला, चालायच्या वाटेवर कडुनिंबाची रोपं लागली, पलीकडे पहिल्या इमारतीचे खांब वर आले. भाऊ माझ्याशी बोलतो, पण पूर्वीपेक्षा नीट बोलतो, म्हणजे पाहुण्याशी बोलावं तसं. त्याचं मला वाईट वाटतं. आत्याची पट्टी रस्त्यात गेली. आता ती आप्पांच्या तुकड्यात, बांधकाम सुरू होईपर्यंत, वाट्यानं भाजी करते. सोमवारचं पाणी तिचं.

ओट्याचा करार भरायचा होता तेव्हा तिनं मला बोलावलं. विहिरीच्या कठड्यावर बसून मी फॉर्म भरला. नाव, वय, हक्काचा प्रकार. सगळं मोठ्या अक्षरांत, चौकटीच्या बाहेर न जाऊ देता. एक रकाना राहिला, वारस.

"इथं कुणाचं लिहू?" मी विचारलं. भावाच्या मुलाचं नाव सांगेल असं मी धरूनच चालले होते. पेन टेकवलंही होतं.

"तुझं लिही."

मी म्हटलं, "आत्या, मी इथे राहत नाही. आणि भावाला काय वाटेल?"

"त्याला गुरुवार हाय. तुझा वार कंचा हाय गं हितं?"

 नकाशातली प्रत्येक रेघ माझी होती, पण माझा वार त्यात कुठेच नव्हता. दौंडला सही केली त्या दिवसापासून नव्हता, आणि मी तो शोधलाही नव्हता. मी रकान्यात माझं नाव लिहिलं. तिच्या सहीची जागा दाखवली. तिनं एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला, कारण वारसाचीही सही लागत होती.

मी पेनचं टोपण काढलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"आधी वाच," ती म्हणाली. "त्या टायमाला तू वाचलं न्हवतंस. मी बघत हुते."

मी फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचून होईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.